किमतीच्या आधी माणसाचं नाव

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत जगातल्या महागड्या वाइनवर आलेला पानभर लेख वाचला. त्यात ऑस्ट्रेलियाच्या ‘ग्रेंज’च्या वाट्याला चार वाक्यं आली आहेत. पहिल्या दोनांत किंमत, तिसऱ्यात लिलावाचा आकडा आणि चौथ्यात या वाइनच्या एका बाटलीपायी मुख्यमंत्र्याची खुर्ची गेल्याचा किस्सा. ही वाइन केली कुणी, याचा मात्र कुठे पत्ता नाही. ‘पेनफोल्ड्स कंपनीची’ एवढंच.

मी सव्वीस वर्षं अ‍ॅडलेडमध्ये राहते. इथे आले तेव्हा हातात मायक्रोबायॉलॉजीची पदवी होती आणि नोकरी नव्हती. शहरापासून तासाभरावर बॅरोसा खोरं आहे. फेब्रुवारी ते एप्रिल तिथे द्राक्षाचा हंगाम असतो आणि त्या दिवसांत वाइनरीत माणसं कमी पडतात. असे अकरा हंगाम मी केले. सुरुवातीला पाइप ओढणं आणि टाक्या धुणं, पुढे प्रयोगशाळेत साखर, आम्ल आणि पीएच (आम्लपणाचं माप) मोजणं. त्या लेखातून काय सुटलं ते मला जवळून ठाऊक आहे, म्हणून लिहिते आहे.

मुख्यमंत्र्यांच्या किश्श्यापासूनच सुरुवात करते. न्यू साउथ वेल्सचे प्रीमियर बॅरी ओ'फॅरल यांनी एप्रिल २०१४ मध्ये राजीनामा दिला, हे खरं आहे. अशी बाटली आपल्याला भेट मिळालीच नाही, असं त्यांनी भ्रष्टाचारविरोधी आयोगापुढे सांगितलं होतं आणि नंतर त्यांच्याच हस्ताक्षरातली आभाराची चिठ्ठी पुढे आली. पण बाटली कोणत्या सालची, हे लेखात नाही. ती १९५९ ची होती. ओ'फॅरल यांचं जन्मसालही तेच. खरी गोष्ट इथेच आहे, कारण १९५९ सालची ग्रेंज मुळात व्हायलाच नको होती. ती करू नका असा कंपनीचा लेखी हुकूम होता. तो हुकूम असतानाही ज्यांनी ती केली, त्यांचं नाव मॅक्स शूबर्ट.

शूबर्ट यांचा जन्म १९१५ सालचा, बॅरोसाच्या कडेला असलेल्या मोकल्टा गावातला. हा सगळा भाग जर्मन ल्युथरन शेतकऱ्यांनी वसवलेला. १८४२ पासून ही माणसं सायलेशियातून इथे येऊन राहिली, त्यांनी चर्च बांधली आणि द्राक्षं लावली. बॅरोसातल्या टनंडा गावात फिरताना अजून दुकानांच्या पाट्यांवर जर्मन आडनावं दिसतात. १९३१ साली, ऐन मंदीत, शूबर्ट पेनफोल्ड्सच्या नुरिऊट्पा इथल्या वाइनरीत निरोप्या म्हणून लागले. पुढे महायुद्धात ते स्वतःहून सैन्यात गेले. मध्यपूर्व, ग्रीस, क्रीट, न्यू गिनी अशी वर्षं काढून परत आले आणि १९४८ मध्ये त्याच कंपनीचे मुख्य वाइनमेकर झाले. निरोप पोचवणारा मुलगा सतरा वर्षांत तळघराचा धनी झाला होता, आणि त्यातली पाचेक वर्षं तर लढाईत गेलेली.

१९५० मध्ये कंपनीने त्यांना युरोपला पाठवलं ते शेरी शिकायला. त्या काळात ऑस्ट्रेलियात वाइन म्हणजे बहुतांशी पोर्ट किंवा शेरी, वरून स्पिरिट घालून कडक केलेली आणि गोडसर. कंपनीचा पैसा त्यातच होता. शूबर्ट यांनी स्पेनमधलं काम उरकलं आणि वाट वाकडी करून ते फ्रान्समधल्या बोर्दोला गेले. तिथे क्रिस्तियाँ क्रूझ नावाच्या वयोवृद्ध, जाणत्या व्यापाऱ्याने त्यांना चाळीस-पन्नास वर्षं जुन्या रेड वाइन चाखवल्या. शूबर्ट तेव्हा पस्तीस वर्षांचे. म्हणजे पेल्यातल्या त्या वाइन त्यांच्याहून वयाने मोठ्या होत्या, आणि तरी त्यांत जीव होता, वास होता, चव होती. साधी, स्पिरिट न घातलेली वाइन माणसाच्या आयुष्याइतकी टिकू शकते, हे त्यांनी तिथे पहिल्यांदा जिभेवर अनुभवलं. किमान वीस वर्षं टिकेल अशी ऑस्ट्रेलियन रेड वाइन करायची, हे ठरवूनच ते परतले.

पुढचा भाग मला या सगळ्या कथेत सर्वांत जास्त आवडतो. बोर्दोची वाइन होते काबर्ने सॉव्हिन्यों आणि तिच्या भाईबंद द्राक्षांची, आणि मुरते फ्रेंच ओकच्या लाकडी पिंपांत. अ‍ॅडलेडच्या आसपास तेव्हा काबर्ने फारच थोडी. फ्रेंच ओक मिळायची मारामार. दुसरा कुणी असता तर ‘आपल्याकडे ते नाही’ म्हणून गप्प बसला असता. शूबर्ट यांनी आजूबाजूला काय आहे ते पाहिलं. शिराझ जातीची काळी द्राक्षं होती, हवी तितकी. बॅरोसातल्या कितीतरी वेली तेव्हाच म्हाताऱ्या झालेल्या. मुळं खाणारी फिलॉक्सेरा कीड युरोपात द्राक्षांचे मळेच्या मळे फस्त करून गेली होती, पण दक्षिण ऑस्ट्रेलियात ती कधीच शिरली नाही, अजूनही नाही. त्यामुळे इथल्या वेली स्वतःच्या मुळांवर उभ्या राहून म्हाताऱ्या होऊ शकतात. म्हातारी वेल घड कमी देते, पण त्या घडात रंग आणि चव गच्च भरलेली असते. पिंपांसाठी त्यांनी अमेरिकन ओक घेतलं, कारण ते मिळत होतं. म्हणजे शिकवण बोर्दोची, पण त्यातला एकही जिन्नस बोर्दोचा नाही.

१९५१ च्या हंगामात त्यांनी मॅगिल आणि मॉर्फेट व्हेल इथली शिराझ घेतली. मॅगिल हे अ‍ॅडलेडचंच पूर्वेकडचं उपनगर. तेव्हा तिथे मळे होते, आता जेमतेम पाच हेक्टरांचा एक तुकडा घरांच्या मधोमध उरला आहे. मी बसने जाताना तो दिसतो. द्राक्षं चिरडून रस सालांसकट उघड्या काँक्रीटच्या टाक्यांत सोडला. रस आंबायला लागला की सालं वायूबरोबर वर येतात आणि जाडजूड थर बांधतात. तो थर वर कोरडा राहिला तर सालांतला रंग रसात उतरत नाही, उलट वाइन आंबट व्हायची भीती. म्हणून शूबर्ट यांनी टाकीत लाकडी फळ्या अडकवून सालं रसाखाली दाबून ठेवली. शिवाय रस थंड ठेवून आंबण्याचा वेग धरला. सगळी साखर बारा दिवसांत उतरवायची, रोज ठरावीक तेवढीच, असा त्यांचा हिशेब होता. वेग वाढला तर वास उडून जातो, फार मंदावला तर आंबणं मध्येच अडकतं. ज्यांनी रात्रपाळीत टाकीच्या कडेवर उभं राहून दर दोन तासांनी तापमान लिहिलं आहे त्यांना विचारा, बारा दिवस असा वेग धरणं काय चीज आहे. आमच्याकडे बटण दाबलं की थंड पाणी टाकीभोवती फिरायचं, तरी डोळ्याला डोळा लागत नसे.

नंतर त्यांनी त्या वाइनचे दोन भाग केले. एक भाग हजार गॅलनच्या मोठ्या जुन्या पिंपात, नेहमीच्या पद्धतीने. दुसरा, साधारण तीनशे लिटरच्या पाच कोऱ्या अमेरिकन ओकच्या पिंपांत. एकच द्राक्ष, एकच टाकी, फरक फक्त लाकडाचा. मी विज्ञानाची विद्यार्थिनी, त्यामुळे ही तुलना वाचताना मला फार आनंद होतो. त्यांना दाद नको होती, पुरावा हवा होता. महिन्याभरातच पाच पिंपांतली वाइन वेगळी पडली. दीड वर्षाने ती बाटल्यांत भरली. ती पहिली ग्रेंज. फारशी विकलीच नाही, बरीचशी ओळखीच्यांत वाटली गेली. आज लिलावात लाखाहून जास्त ऑस्ट्रेलियन डॉलरला जाते ती हीच १९५१ ची. तुमच्या लेखात आकडा आहे, पाच पिंपं नाहीत.

नावाबद्दलही सांगायला हवं. ‘ग्रेंज’ हे मॅगिलमधल्या एका छोट्या घराचं नाव. १८४४ मध्ये डॉ. क्रिस्टोफर पेनफोल्ड आणि त्यांच्या पत्नी मेरी इंग्लंडहून आले आणि इथे राहिले. डॉक्टर रोगी तपासायचे. मळ्याचं आणि वाइनचं काम मोठ्या प्रमाणात मेरीबाईंनी पाहिलं, आणि १८७० मध्ये डॉक्टर वारल्यावर पुढची चौदा वर्षं कारभार त्यांच्याच हातात होता. लोकांच्या तोंडी नाव राहिलं ते डॉक्टरांचं. वाइन करणाऱ्याचं नाव गळून जाण्याची ही रीत इथे जुनीच आहे म्हणायची. मेरीबाईंच्या घराचं नाव त्या बाटलीवर आहे, याचा मला एक बाई म्हणून आनंद होतो.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. तुमच्या लेखात एक वाक्य आहे, ‘वाइन जितकी जुनी तितकी चांगली’. हे बरोबर नाही, आणि शूबर्ट यांच्यावर जो प्रसंग आला तो समजायला हे आधी समजणं भाग आहे.

जगातली बहुतेक वाइन वर्ष-दोन वर्षांत प्यायची असते, त्यापुढे ती नुसती शिळी होते. थोड्याच वाइन मुरायला ठेवण्याजोग्या असतात, आणि गंमत म्हणजे त्या तरुण असताना बहुधा अंगावर येतात. पहिल्या हंगामात आमच्या तळघरातल्या म्हाताऱ्या गड्याने मला नुकत्याच आंबून झालेल्या शिराझचा घोट दिला. जांभळी, शाईसारखी. तोंडात घेतल्याबरोबर हिरड्या आवळल्या, जीभ टाळूला चिकटल्यासारखी झाली, कच्चं जांभूळ खाल्ल्यावर होते तशी. तो तुरटपणा टॅनिनचा. ते सालांतून, बियांतून, लाकडातून येतं आणि लाळेतल्या प्रथिनांना पकडतं, म्हणून तोंड कोरडं पडतं. बाटलीत वर्षानुवर्षं पडून राहिलं की टॅनिन आणि रंगद्रव्यं एकमेकांना धरतात, त्यांचे मोठे रेणू होतात, काही गाळ होऊन तळाशी बसतात. जांभळा रंग विटकरी होत जातो. तुरटपणा मऊ होतो, फळाचा वास मागे सरतो आणि त्या जागी दुसरेच वास उमटतात. आपल्या भाषेत यासाठी ‘मुरणं’ इतका चपखल शब्द आहे की इथल्या सहकाऱ्यांना तो समजावून सांगताना मला भारी अभिमान वाटायचा. लोणचं घातल्या दिवशी चाखून कुणी नाव ठेवत नाही. पण वाइनच्या बाबतीत नेमकं तेच झालं.

१९५७ मध्ये कंपनीच्या सिडनीतल्या वरिष्ठांना वाटलं की मॅगिलमध्ये एवढा पैसा बाटल्यांत अडकून पडला आहे, तर बघू तरी काय आहे ते. १९५१ पासून १९५६ पर्यंतच्या सगळ्या ग्रेंज मागवल्या गेल्या. वाइनमधले नावाजलेले लोक, संचालक, त्यांचे स्नेही बसले. निकाल भयानक लागला. एकाने म्हटलं, ही उत्तम कोरडी (म्हणजे गोडवा नसलेली) पोर्ट आहे, पण शहाणा माणूस ती विकत घेणार नाही आणि पिणार तर त्याहून नाही. आणखी कुणाला त्यात रानफळांबरोबर चिरडलेल्या मुंग्यांची चव लागली. हे सगळं समोर, शूबर्ट यांच्या तोंडावर. अ‍ॅडलेडमध्ये पुन्हा चाखवून पाहिली, तिथेही फार वेगळं घडलं नाही. मोजक्या काही लोकांना तेवढं त्यात काहीतरी दिसलं. १९५७ च्या हंगामाआधी सिडनीहून लेखी हुकूम आला, ग्रेंज बंद.

त्या चाखणाऱ्यांना मी अडाणी म्हणणार नाही. जिभेला जे लागलं ते त्यांनी सांगितलं. समोर होती ती सगळ्यात मोठी वाइन सहा वर्षांची आणि सगळ्यात धाकटी तर वर्षाचीच. वीस वर्षांसाठी बांधलेल्या वाइनचा त्यांनी पाळण्यातच निकाल लावला.

शूबर्ट यांनी काय केलं? आरडाओरडा केला नाही, राजीनामाही दिला नाही. सिडनी अ‍ॅडलेडपासून हजार किलोमीटरहून दूर. मॅगिलच्या जमिनीखाली लांबच लांब बोगदे आहेत. त्यांनी १९५७ मध्ये ग्रेंज केली. १९५८ मध्ये केली. १९५९ मध्ये केली. अ‍ॅडलेडमधले जेफ्री पेनफोल्ड हायलंड, म्हणजे मालकांच्याच घरातले, यांना हे माहीत होतं आणि त्यांनी पाठ राखली. पण नव्या पिंपांसाठी पैसे मागता येत नव्हते. मागितले असते तर बिंग फुटलं असतं. म्हणून आधीच्या सालांची वापरलेली पिंपं पुन्हा भरली. कोऱ्या ओकशिवाय ही वाइन हवी तशी होत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला कळत नव्हतं, कारण पहिल्याच वर्षी तो पुरावा त्यांनीच गोळा केला होता. कमी प्रतीची होणार हे माहीत असूनही केली. साल चुकू द्यायचं नव्हतं, साखळी तोडायची नव्हती. इथे या तीन सालांना ‘लपवलेल्या ग्रेंज’ म्हणतात.

मला यातली शौर्याची बाजू सांगायची नाही, कारण हे काम फार कंटाळवाणं आणि एकटेपणाचं असणार. तीन हंगाम, दर वर्षी तोडणी, आंबवण, गाळ काढणं, पिंपं भरत राहणं, बाटल्या भरून अंधारात रचणं, आणि वर हिशेबाच्या वह्यांत ते कुठे उठून दिसू न देणं.

माझ्या चौथ्या हंगामातली एक गोष्ट सांगते. वाइनरीचं नाव सांगत नाही. एका लहान टाकीत दोनेक टन शिराझ होती, जुन्या वेलींची. रात्रपाळीला मी रोज तिचा नमुना घेत होते. रंग अजून उतरत होता, टॅनिनचा खरखरीतपणा जाऊन ते गोलसर होऊ लागलं होतं. अजून तीन दिवस सालांवर राहू द्या, असं मी वहीत लिहून ठेवलं. सकाळी उत्तर आलं की टाकी हवी आहे, आज गाळून घ्या. मी घेतली. ती वाइन एका मोठ्या स्वस्त मिश्रणात गेली. माझ्या हातात काहीच नव्हतं असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं. पण मी तोंडी एकदाही विचारलं नव्हतं, फक्त वहीत लिहिलं होतं. शूबर्ट यांची हकीकत मी त्याच हिवाळ्यात पहिल्यांदा नीट वाचली. तीन दिवसांसाठी माझ्याच्याने शब्द निघाला नाही आणि या माणसाने तीन वर्षं काढली. तेव्हापासून ही गोष्ट माझ्यासाठी नुसती कंपनीची आख्यायिका राहिलेली नाही.

पुढे काय झालं ते थोडक्यात. पहिल्या सालांच्या बाटल्या तोवर मुरल्या. त्याच वाइन पुन्हा चाखल्यावर मत पालटलं आणि १९६० च्या हंगामाआधी हुकूम आला, ग्रेंज पुन्हा सुरू करा. नवी पिंपं आली. १९६२ पासून १९५५ ची ग्रेंज प्रदर्शनांत सुवर्णपदकांमागून सुवर्णपदकं घेत गेली. ही १९५५ ची वाइन त्या सिडनीच्या बैठकीतही टेबलावर होती, हे कृपया लक्षात घ्या. शूबर्ट १९७५ मध्ये मुख्य वाइनमेकर पदावरून निवृत्त झाले. त्यांच्यामागून डॉन डिटर, जॉन ड्युव्हाल आणि २००२ पासून पीटर गागो. सत्तर वर्षांत मुख्य वाइनमेकर जेमतेम चार. शूबर्ट १९९४ मध्ये गेले.

आणखी एका माणसाबद्दल लिहिलं नाही तर माझ्यातली प्रयोगशाळेतली बाई मला क्षमा करणार नाही. रे बेकविथ. १९३५ पासून ते पेनफोल्ड्समध्ये रसायनतज्ज्ञ. त्या काळी मोठमोठ्या टाक्यांतली वाइन जिवाणूंमुळे नासायची आणि कारण नीट कळत नसे. पीएच ठरावीक मर्यादेखाली ठेवला तर नासवणारे जिवाणू वाढत नाहीत, हे बेकविथ यांनी हेरलं आणि पीएच मोजणं हा रोजच्या कामाचा भाग केला. कंपनीने हे बराच काळ बाहेर सांगितलं नाही, त्यामुळे त्यांचं नाव तज्ज्ञांबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. वाइन वीस वर्षं टिकवायची तर आधी ती पहिल्या वर्षी नासता कामा नये, आणि तो पाया बेकविथ यांचा. २०१२ मध्ये, शंभरी गाठून ते गेले. पीएच मोजायचं जे यंत्र मी प्रयोगशाळेत हातात धरलं ते त्यांच्यामुळे वाइनरीत आलं, ही जाणीव मला फार उशिरा झाली.

लेखातली एक चूक दुरुस्त करावी. ग्रेंज हा ‘मळा’ नाही. तिची द्राक्षं एका शेतातली नसतात. बॅरोसा, मॅक्लारेन व्हेल अशी दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या निरनिराळ्या भागांतली शिराझ, आणि बऱ्याच सालांत थोडी काबर्ने, अशी निवडून एकत्र करतात. फ्रान्समध्ये मातीच्या तुकड्याला मान असतो. इथे मान निवडणाऱ्याच्या जिभेला आहे. म्हणून तर वाइनमेकरचं नाव गाळणं इथे जास्तच खटकतं. लेबलवर पूर्वी ‘ग्रेंज हर्मिटेज’ असं असायचं. हर्मिटेज ही फ्रान्समधली टेकडी आणि तिथल्या वाइनचंही तेच नाव, त्यामुळे युरोपशी झालेल्या करारानंतर १९९० च्या सालापासून तो शब्द गेला.

लेख लिहिणाऱ्यांनी ती चाखली आहे का, मला माहीत नाही. मी एकदा चाखली, जुनी, आणि विकत घेऊन नव्हे. नवी बाटली आज साधारण हजार डॉलरला पडते, ते माझ्या आवाक्यातलं नाही. आमच्या शेजारी एक निवृत्त बस मेकॅनिक राहतात. त्यांची मुलगी १९७६ ची. त्या सालची ग्रेंज काही वर्षांनी बाजारात आली तेव्हा त्यांनी एक बाटली घेऊन ठेवली होती. पंधरा वर्षांहून जुन्या बाटल्यांची बुचं बदलून देण्याची शिबिरं पेनफोल्ड्स १९९१ पासून भरवते. बूच झिजलं की वाइन हळूहळू उडते आणि हवा आत शिरते. शेजारी म्हणाले, तू तळघरात काम केलं आहेस, चल माझ्याबरोबर. बाटली त्यांनी टॉवेलमध्ये गुंडाळून मांडीवर धरली होती आणि गाडी मी चालवत होते. तिथे बाटलीच्या मानेमागे दिवा धरून पातळी पाहिली. जुनं बूच हलक्या हाताने काढलं. वाइनमेकरने थोडी ओतून वास घेतला, चाखली, मान हलवली. चांगली होती. मग उणी पडलेली जागा नव्या सालच्या ग्रेंजने भरली, नवं बूच बसवलं, मागे सहीचं लेबल लावलं. ओतलेल्यातला उरलेला घोटभर त्यांनी शेजाऱ्यांपुढे केला आणि शेजाऱ्यांनी अर्धा मला दिला.

रंग कडेला विटकरी. वास आधी कातड्याचा, मग सुक्या अंजिराचा, मग तंबाखूच्या पानाचा, आणि सगळ्यांखाली अजून थोडं गोड, काळं फळ. तुरटपणा होता, पण तो आता जिभेला धरत नव्हता. गिळल्यावर चव किती वेळ राहिली ते मी मोजलं नाही, आणि मोजायची सवय असूनही मोजलं नाही, यावरून काय ते समजा. शेजारी काही बोलले नाहीत. परतताना गाडीत एवढंच म्हणाले की मुलीच्या लग्नात उघडणार होतो, तेव्हा विसरलो, बरंच झालं.

लेखावर एका वाचकाचं पत्रही छापलं आहे की दारूला एवढी जागा का द्यावी. त्यांची काळजी मला मान्य आहे. दारूने मोडलेली घरं मीही पाहिली आहेत, इथेही पाहिली आहेत, आणि हंगामात आम्ही दिवसाला वीस-वीस नमुने चाखायचो ते थुंकून टाकण्यासाठीच. कुणी प्यावी म्हणून मी हे लिहीत नाही. उलट मला वाटतं, नुसती किंमत छापली की वाइन श्रीमंतीचा तोरा होऊन बसते. तिच्यामागचं काम छापलं की ती शेतीची आणि हाताची गोष्ट होते, आणि तुमचे वाचक शेतीतले कष्ट ओळखणारे आहेत.

म्हणून विनंती आहे. पुढच्या वेळी कुठल्याही देशातल्या वाइनवर, अत्तरावर, चीजवर लेख आला तर लेखकांना एक प्रश्न जरूर विचारा, हे केलं कुणी? आणि ग्रेंजविषयीची दुरुस्ती छापणार असाल तर ती अशी छापावी: ‘ही वाइन १९५१ मध्ये मॅक्स शूबर्ट (१९१५–१९९४) यांनी मॅगिल इथे पहिल्यांदा केली. १९५७ ते १९५९ या सालांची वाइन त्यांनी कंपनीची मनाई असताना केली.’ जागा कमी पडली तर किमतीचं वाक्य काढलं तरी चालेल.

आपली,
एक जुनी वाचक
अ‍ॅडलेड, दक्षिण ऑस्ट्रेलिया